झिरो बघा, मॅडम

खोली दाखवायला आलेला घरमालक खिडक्या उघडून दाखवतो, हवा कशी खेळती आहे ते सांगतो, निदान भिंतींना रंग कधी दिला ते तरी सांगतो. आमच्या घरमालकांनी मला सगळ्यात आधी नळ दाखवला. नळाच्या वर, पाइपला बसवलेलं पितळी मीटर दाखवलं. त्याची काच सदऱ्याच्या बाहीनं पुसली आणि म्हणाले, "झिरो बघा, मॅडम."

मी पाहिलं. झिरो कुठेच नव्हता. आधीच्या भाडेकरणीनं वापरलेल्या पाण्याचा भलामोठा आकडा होता. तसं मी म्हटलं, तर ते जराही ओशाळले नाहीत.

"सवय हो," म्हणाले. "तीस वर्सं पंपावर काढली. झिरो दाखवल्याबिगर धार सोडली न्हाई कधी."

मिरजगावजवळ हमरस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर त्यांनी सगळी नोकरी केली होती. गावात त्यांना कुणी 'पंपवाले' म्हणे, कुणी नाना. मी आपली नानाच म्हणायला लागले. 'झिरो बघा' हे त्यांच्या जिभेवर असं बसलं होतं, की चहाचा कप पुढे करतानाही ते तोंडातून निघे. भांडणात तर हमखास. कुणाशी वाजलं आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस रस्त्यात भेटला, की नाना हात वर करून म्हणत, "झिरो बघा." म्हणजे मागचं काही धरू नका, इथून पुढचं मोजा. त्या दोन शब्दांवर त्यांनी गावातली निम्मी भांडणं मिटवली होती. अर्थात त्यातली बरीचशी त्यांनीच सुरू केलेली होती, हेही सांगायला हवं.

मी श्रीरामपूरकडची, पाटाच्या पाण्यावर वाढलेली. आमच्याकडे ऊस पाण्यात उभा असतो, आणि माणसं पाण्याबद्दल फारसं बोलत नाहीत. शाळेवर गणिताची शिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाली ती कर्जत तालुक्यात, मिरजगावच्या पुढच्या एका गावात. जिल्हा एकच, पण मला परमुलखात आल्यासारखं वाटलं. नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, तेही तासभर. ते अंगणातल्या हौदात साठवायचं, मोटारीनं गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि तिथून तिन्ही बिऱ्हाडांनी वापरायचं. एका खोलीत मी, पलीकडे आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर, त्यांचा नवरा आणि मुलगी, आणि समोरच्या बाजूला नाना आणि काकू.

तिन्ही बिऱ्हाडांना नानांनी स्वतःच्या हौसेनं मीटर बसवली होती. आणि प्रत्येकाच्या दारावर पत्र्याची एक काळी पाटी. पाटीवर वर 'माणसं' असं पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं आणि त्यापुढे खडूनं आकडा. माझ्या पाटीवर एक. खाली काल किती लिटर वापरलं तो आकडा, तोही खडूनं. रोज सकाळी साडेसहाला नाना मीटरं बघत, वजाबाकी करत आणि पाट्या लिहीत. येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचे. दूधवाला तर मोठ्यानं वाचे.

पहिल्या आठवड्यात माझ्या पाटीवर एकशे ऐंशी आला. समोर काकू-नाना मिळून ऐंशीवर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाना, काय पैसे घ्यायचे ते घ्या, पण पाटी काढा," मी म्हटलं.

"पैशे घेतले की मानूस म्हनतो, भरलंय की! मग तो वापरतो न्हाईतर वततो, त्याला कोन इचारनार?" नाना म्हणाले. "मला पैशे नकोत. तुमी नुसतं बघा."

आणि आतून एक पत्र्याचं माप घेऊन आले. पाच लिटरचं. पंपावर धार बरोबर पडते का ते तपासायला असतं तसलं. निवृत्त होताना ते त्यांनी मागून घेतलं होतं. प्रत्येक नव्या भाडेकरूला ते आठ दिवस वापरायला मिळे. सगळं पाणी त्या मापानं घ्यायचं. मी चिडून घेतलं आणि पहिल्याच दिवशी मला कळलं, की दात घासताना नळ सोडून उभं राहण्यात एक आख्खं माप जातं. हे मी नानांना कधीही सांगितलं नाही, पण पाटीवरचा आकडा त्यांना काय तो सांगतच होता.

आता वाटतं, माणूस विचित्र होता, पण आंधळा नव्हता. त्यानं लिहिलेल्या पाट्यांवर आकड्याशेजारी कधीकधी एखादा शब्द असे. मी तापानं पडले तेव्हा आकड्याशेजारी लिहिलं होतं, 'आजारी'. सिस्टरना दुसरं बाळ झालं, तेव्हा बाळ दवाखान्यातून घरी आल्याबरोबर, आत नेण्याआधीच, नानांनी 'माणसं ३' पुसून 'माणसं ४' केलं. पुढे दोन महिने त्यांचा आकडा दुप्पट होता आणि शेजारी 'बाळंतीण'. त्याबद्दल नानांनी चकार शब्द काढला नाही. मी केस धुतले की माझा आकडा वाढे. बाईमाणसाच्या दारावर 'केस' असं लिहायचं कसं, याचा त्यांनी बराच विचार केला असावा. शेवटी ते 'रविवार' असं लिहू लागले. एकदा मी बुधवारी केस धुतले, तरी 'रविवार'च लिहिलं.

पण एका गोष्टीला त्यांच्याकडे माफी नव्हती, ती म्हणजे शिळं पाणी.

चौथ्या दिवशी नळ आला, की आख्खी गल्ली आधी काय करायची? घरात भरलेलं सगळं पाणी ओतून द्यायची. हंडे, कळश्या, पिपं, सगळं. का, तर ते शिळं झालं, आणि आता ताजं आलंय. चार दिवस माणसं थेंब थेंब करून वाचवणार आणि नळाच्या दिवशी तेच पाणी गटारीत सोडणार. नवं पाणी भरण्याआधी गटार भरून वाही. नाना त्या वेळी गल्लीतून फिरत. हात जोडून, ओरडून, कधी लोकांच्या दारात फतकल मारून. "अरे, धरनात ते सहा म्हैने पडून होतं तवा ताजं, आन तुज्या हंड्यात चार दिस ऱ्हायलं की शिळं व्हय?" लोक हसत आणि ओतत.

घरी पाहुणा आला, की त्याला नाना स्वतः तांब्याभर पाणी देत. "कसं लागतंय?" पाहुणा म्हणे, छान, गोड आहे. मग नाना शांतपणे म्हणत, "चार दिसांचं हाय." पाहुण्याचा चेहरा बघण्यासारखा होई. काही जण पुन्हा आले नाहीत.

माझी आई मला भेटायला आली, तेव्हा नेमका नळाचा दिवस होता. मी शाळेतून येईपर्यंत तिनं माझ्या घरातलं पाण्याचं एकूण एक भांडं रिकामं करून, घासून, पुन्हा भरून ठेवलं होतं. मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडायला घाबरत होते. पाटीवर 'माणसं २' असं होतं, खाली दोनशे साठ, आणि शेजारी, 'पाहुणे'. आई म्हणाली, "बघ, किती समजूतदार आहेत." नाना त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आई गेली, नानांनी दोनाचं एक केलं आणि मला म्हणाले, "झिरो बघा, मॅडम."

या सगळ्यात काकू होत्या कुठे, तर त्यांच्या ओट्यावर, हसत. काकू पाथर्डीकडच्या. आईवडील ऊसतोडीला जायचे, काकूंचं लहानपण निम्मं गावात आणि निम्मं फडावरच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत गेलेलं. त्या सांगायच्या, "कोपीत असू न्हाईतर घरी, आई सकाळी उठली की आदी शिळं पानी वतायची. हंडा राखंनं घासायचा आन नवं पानी आनायचं. भरल्याला हंडा दिसला की मंग आमाला वाटायचं, घरी हाये आपन." मग नानांकडे बघून, "हितं आले लगीन करून. पयल्या सकाळी हंडा वतायला उचलला, तर ह्यांनी येऊन माजा हातच धरला. सासू बघती, सासरा बघतोय. मला वाटलं, काय हौशी नवरा! तर हे म्हनत्यात कसं, अगं, पानी हाय त्यात."

एवढं सांगून त्या तोंडाला पदर लावून हसत. नाना म्हणत, "मंग काय चुकलं?" त्यानंतर चाळीस-बेचाळीस वर्षं काकूंनी कधी भरला हंडा ओतला नव्हता.

मग गावात मीटरचं निघालं. पंचायत घरोघर नळाला मीटर बसवणार आणि वापराप्रमाणे आकारणी होणार, असा विषय ग्रामसभेत आला. नानांना तर लग्नघरच झालं. सभेला धुतलेला सदरा घालून गेले. गिरणीवाल्या वहिनी, म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांची पिठाची गिरणी होती त्या, पहिल्यांदा उभ्या राहिल्या.

"मीटरला काय कळतंय?" त्या म्हणाल्या. "घरात बाळंतीण हाय का अंथरुनावरचं मानूस हाय, त्याला काय ठावं? ते आपलं फिरतंय गरागरा. आन आपल्या नळाला आदी हवा येती, पानी मागनं येतं. हवेचं बी बिल भरू का मी?"

सभा हसली. नाना उठले. हवेसाठी झडप बसवता येते, हे त्यांनी समजावून सांगितलं, पण ते कुणी ऐकलं नाही. तेव्हा ते चिडले. "माज्या घरी इतकी वर्सं मीटर हाय. दोन मानसं, ऐंशी लिटर. गावात ह्याच्या आत कुनाचं आसंल तर दावा. मोजलं म्हंजे मानूस आपसूक सुदारतो. हे माजं घरच साक्षीला हाय!"

सरपंच म्हणाल्या, "असं करू. नानांनी पुढच्या सभेला त्यांच्या घराचे महिनाभराचे आकडे आणावेत. ते बघू आणि मग ठरवू." नाना छाती काढून घरी आले. त्यांच्या शब्दावर गावाचं ठरणार होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांना हसण्यासाठी नाही, तर ऐकण्यासाठी बोलावणार होते. त्यांना त्याचं किती अप्रूप होतं, ते मी पाहिलं आहे.

त्याच महिन्यात टाकी आटायला लागली. चार दिवस पुरणारं पाणी दुसऱ्याच दिवशी संपायचं. नानांनी आम्हा भाडेकरूंना फैलावर घेतलं. माझ्या नळाचा वायसर काढून पाहिला, सिस्टरच्या मोरीत वाकून कान लावला, गच्चीवरचे सांधे चाचपले. "मॅडम, खरं सांगा, कपडे नळाखाली धुता का?" असंही विचारलं. मी संतापले. माझ्या पाटीवर नव्वद लिहून, वर मलाच चोर ठरवत होते.

आणि मग चार-सहा दिवसांनी सगळं एकदम थांबलं. टाकी आटेनाशी झाली. नानांची चौकशीही बंद झाली. नेमकं तेव्हाच त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ते माझ्या दारात आले. "मॅडम, आठ-पंधरा दिस मीटरं तुमी बघा. तुमचं आन सिस्टरचं."

"आणि तुमचं?"

"आमचं मी बघतो."

डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस म्हणतो, आमचं मी बघतो. मी गणिताची शिक्षिका. मला हे उत्तर पचलं नाही. दोन दिवस मी त्यांचंही मीटर गुपचूप वाचलं आणि वजाबाकी केली. चारशे दोन. त्यांच्या पाटीवर त्यांच्याच हातानं लिहिलं होतं, ब्याऐंशी.

मला काय वाटलं ते आज लिहितानाही लाज वाटते. मला आनंद झाला. इतकी वर्षं आम्हाला दारावरच्या पाटीवर उघडं पाडणारा हा माणूस सभेत मिरवण्यासाठी आकडे खोटे लिहीत होता. माझ्या एकशे ऐंशीची, आईच्या दोनशे साठची भरपाई झाल्यासारखं वाटलं. शाळेला निघताना मी त्यांच्या दाराशी थांबले, ब्याऐंशी हातानं पुसलं आणि पर्समधल्या खडूनं ठळक लिहिलं, ४०२. वर्गात चुकीचं उदाहरण दुरुस्त करावं तसं. आणि मान ताठ करून निघून गेले.

दिवसभर गल्लीनं ते वाचलं. गिरणीवाल्या वहिनींनीही वाचलं असणार. संध्याकाळी मी आले, तर पाटीवर ४०२ तसंच होतं. नाना ओट्यावर बसले होते. मी भांडणाच्या तयारीनं उभी राहिले. ते उठले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, उद्या सकाळी सातला आमच्या मागल्या अंगनात या. साळंला जरा उशीर झाला तर चालंल का?"

मी गेले. मागच्या अंगणात, ओट्याच्या कडेला, एक निळं पीप ठेवलेलं होतं. त्याच्या तोंडाला पांढरं स्वच्छ फडकं ताणून बांधलेलं. स्वयंपाकघरातून काकू आल्या, भरलेला हंडा कमरेवर घेऊन. मला बघून हसल्या. "आई आली का गं आडावरनं?" त्यांनी मला विचारलं. मला वाटलं, थट्टा करताहेत. मग मी त्यांचे डोळे पाहिले.

त्यांनी हंडा पिपाच्या तोंडाशी आणला. "शिळं हाय हे," त्या म्हणाल्या, "आई वरडंल." ज्या माणसानं लग्नाच्या पहिल्या सकाळी त्यांचा हात धरला होता, तो आता हंड्याच्या बुडाला हात लावून त्यांना ओतायला मदत करत होता. पाणी फडक्यातून गाळलं जात पिपात पडलं. काकूंनी हंडा घासला, आत गेल्या, नळाखाली भरला. मग दुसरा हंडा, मग कळशी, मग माठ. सगळं भरून झालं, तेव्हा त्यांचा चेहरा इतका निवांत झाला, की मला बघवेना. पाच-दहा मिनिटं गेली आणि त्या पहिला हंडा पुन्हा उचलून बाहेर आल्या. "शिळं हाय हे. आई वरडंल."

"पन्नास लिटर," नाना मला हळू आवाजात म्हणाले. "दिसातून सात येळा. सातच्या वर न्हाई जात, मंग दमती."

पीप भरलं, की नाना त्यातलं पाणी बादलीनं काढत, अंगण ओलांडत आणि हौदात ओतत. मोटार ते वर चढवी, टाकीतून ते पुन्हा खाली येई आणि मीटरमधून पुन्हा मोजलं जाई. एक थेंब वाया जात नव्हता. तेच पाणी सात वेळा फिरत होतं आणि मीटर दर वेळी ते नवीन म्हणून मोजत होतं. बहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, डोळ्याला काळा चष्मा, दिवसाला पस्तीस-चाळीस बादल्या वाहत होता. वजन उचलू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं असताना.

"तुम्ही काकूंना थांबवत का नाही?" मी विचारलं.

"थांबवलं हुतं की. हात धरला," नाना म्हणाले. "तर अशी घाबरली माज्याकडं बघून, मॅडम. मी कोन हाय ते तिला कळंना." त्यांनी बादली खाली ठेवली. "आदी मीटरनं सांगितलं मला. टाकी आटायला लागली तवा तुमची मीटरं बघितली, सिस्टरचं बघितलं. सगळी बरूबर. माजाच आकडा वाडत हुता, पर मला खरं वाटंना. मीटर बिगाडलं म्हनून खोललं सुदा. आन मंग एक दिस हितं येऊन बसलो नुसता, आन बघत ऱ्हायलो."

"मग पाटीवर खरं का नाही लिहिलं? 'आजारी' लिहायचं शेजारी. माझ्या वेळी लिहिलं होतं तसं."

"तुमी बरं हुनार हुता," ते म्हणाले.

मी रडले. माफी मागायला लागले. नानांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बादली उचलता उचलता म्हणाले, "झिरो बघा, मॅडम." आणि हौदाकडे चालू लागले. त्या दिवशी निम्म्या बादल्या मी वाहिल्या. पुढे रोज सकाळी मी आणि सिस्टरचे यजमान आलटून पालटून वाहत होतो. ते चालूच राहिलं.

ग्रामसभेच्या दिवशी नाना दारावरची पाटीच काढून काखेत घेऊन गेले. मी त्यांना विनवलं होतं, जाऊ नका, सांगा तब्येत बरी नाही. ते म्हणाले, "शबुद दिलाय." सभेला गर्दी होती. ४०२ ची बातमी सगळीकडे पोचलेली होती. नाना उभे राहिले, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "झिरो बघा!" आणि हशा पिकला.

नानांनी पाटी सगळ्यांना दिसेल अशी धरली. म्हणाले, "दोन मानसं. चारशे. गेल्या सभंला मी ऐंशी सांगितलं हुतं. आता ह्यो आकडा हाय. मदी पंधरा दिस मी खोटा आकडा लिवला, ते बी सांगतो."

हशा ओसरला. गिरणीवाल्या वहिनींनी विचारलं, पण आवाज चढा नव्हता, "मंग आता काय म्हनायचं नाना? मीटर पायजे का नको?"

नानांनी पाटी खाली केली, उलटी धरली, पुन्हा सुलटी केली.

"आजारी मानूस हाय घरात," ते म्हणाले. हे त्यांनी पहिल्यांदाच चारचौघांत म्हटलं होतं. "कारभारीन इसरायला लागली माजी. वहिनी, तुमी म्हनला हुता, मीटरला काय कळतंय. खरं हाय ते. त्याला चारशे कळलं, का ते न्हाई कळलं. पर त्ये नसतं, तर चारशे हुतंय हे मला बी कळलं नसतं. मी आपला गल्लीभर लोकांचे हंडे बघत फिरत हुतो." त्यांनी वहिनींकडे पाहिलं. "मीटर लावा. पर आकडा घेऊन जानारं मानूस दारात थांबलं पायजे. घरात जाऊन इचारलं पायजे, बाबा, का वाडलं? वहीत त्ये लिवायला जागा पायजे. तेवडं आसंल तर मीटर पायजे. न्हाईतर वहिनी म्हनत्यात तसं, नकोच."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तसल्या बोलण्यावर टाळ्या वाजत नाहीत. वहिनी उठून नानांजवळ गेल्या आणि पाटी त्यांच्या हातातून घेतली आणि त्यांना बसायला जागा करून दिली. वर्षभरानं गावात मीटर आली. वाचायला बचत गटाच्या बायका जातात आणि त्यांच्या वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. 'लग्नघर', 'नातवंडं आली', 'आजारी', असं काय काय लिहिलेलं असतं. त्या मोठ्या आकड्यांचं बिल लावायचं कसं, यावर गाव अजून भांडतंय, असं ऐकते. मला विचाराल, तर ते भांडण चालू राहिलेलं बरं.

माझी बदली संगमनेरला झाली. निघताना काकूंनी माझ्या ओटीत तांदूळ घातले. मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण सासरी निघालेली कुणीतरी आहे, एवढं ठाऊक होतं. दीड वर्षानं सिस्टरचा फोन आला, काकू गेल्या. मला परीक्षेमुळे लगेच जाता आलं नाही. जाता आलं असतं, खरं तर. मला ते अंगण बघायचं धैर्य नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले. नाना ओट्यावर होते, वाळलेले, पण सदरा स्वच्छ. बसा म्हणाले, आत गेले आणि तांब्याभर पाणी घेऊन आले. मी प्यायले. थंड होतं. काहीतरी बोलावं म्हणून, त्यांचाच जुना खेळ आठवून, मी म्हटलं, "गोड आहे. किती दिवसांचं?"

"आजचंच हाय," नाना म्हणाले. "सकाळी वतून भरलं." ते माझ्याकडे न बघता अंगणाकडे बघत होते. मी आतून मागच्या बाजूला डोकावले. निळं पीप तिथंच होतं. तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, ओलं.

चहा झाला. माझ्या जुन्या खोलीत आता कोण राहतं, शाळेत काय चाललंय, अशा गोष्टी झाल्या. निघायला उठले, तेव्हा दारावरच्या पाटीकडे लक्ष गेलं. खाली आकडा होता, एकशे चौदा. वर लिहिलं होतं, 'माणसं २'. खडूचा आकडा चार दिवसांत पुसट होतो, हे मला माहीत आहे. तो दोन चांगला ठळक होता. खडू चौकटीवर ठेवलेला होता, माझ्या हाताशी. या वेळी मी पाटीला हात लावला नाही.